दाभोशाची अकरा नापास मुलं

रघू,

तुझ्या तिरडीमागे किती माणसं होती, ते मी मोजलं. अशी गोष्ट कुणी मोजतं का? मी मोजली. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मी मुद्दाम मागे राहिलो आणि डोकी मोजत गेलो. सत्तरच्या पुढे आलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या पाड्यावरून आणखी एक घोळका आला, बायका कडेवर पोरं घेऊन आलेल्या, आणि माझा आकडा चुकला. मग मी नाद सोडला. पण तुझ्या भावाने अग्नी दिला तेव्हासुद्धा माझ्या मनात तुझं काही नव्हतं. मी मेलो तर जव्हारात माझ्यामागे किती येतील, हेच मनात होतं. शाळांचे मास्तर येतील, हजेरीपटावर सही करायला आल्यासारखे. कचेरीतले दोन-तीन कारकून येतील. आळीतली माणसं येतील. तुझ्याकडे एक म्हातारा जमिनीवर बसून मोठ्याने हुंदके देत होता. माझ्यासाठी तसं कोण बसेल, ते मी शोधत होतो. सापडलं नाही.

आज सव्वा महिना झाला. तू असतास तर हे सगळं तुझ्या तोंडावर बोलण्याची हिंमत मला झाली नसती. आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणून लिहितोय. हा भित्रेपणा आहे, ते मला कळतं.

तुला आठवतं, पुण्याला ट्रेनिंगला आपण एका खोलीत राहत होतो. मी पहिला आलो, तू सतरावा. निकाल लागला त्या दिवशी खानावळीतल्या पोरांनी तुला खांद्यावर घेऊन नाचवलं, कारण तू पास होशील याची कुणाला खात्रीच नव्हती. पहिला मी आलो होतो आणि गुलाल सतराव्याला! मी कोपऱ्यात ताक पीत बसलो. तू खांद्यावरून ओरडलास, "अरे नारायणालाही घ्या, तो पहिला आलाय!" त्यांनी घेतलं. पण तुझ्या सांगण्यावरून घेतलं.

तरीही जव्हारला तुला मीच आणलं. माझं गाव, माझी ओळख, जव्हार संस्थानात दरबारच्या शाळांना शिकलेले मास्तर हवे होते. मला जव्हारची मोठी शाळा मिळाली, तुला सहा कोसांवरचं दाभोसा. तुझी शाळा म्हणजे पाटलाच्या घराची पडवी, कुडाची भिंत आणि एक फळा. मला वाटलं, वर्षभरात कंटाळून पळशील. तू त्यांची बोली शिकलास. भाताच्या आवणीत शाळा ओस पडायची, तेव्हा तू चिखलात उतरून पोरांच्या बापांबरोबर रोपं लावायचास आणि बांधावर बसून पाढे म्हणून घ्यायचास. जव्हारला आलास की तुझ्या नखांत चिखल असे. आमची ही तुला वाढताना हसायची. मला ते आवडत नसे.

दर माघात डेप्युटीसाहेब परीक्षेला येत. पटावर किती मुलं, त्यातली किती पास, यावर सगळं ठरे. मास्तरची बढती, मास्तरची बदली, शेरेबुकातला शेरा, शाळा राहणार की जाणार. साहेब एका मुलाला पुस्तकातलं एक पान वाचायला लावत, दोन ओळी शुद्धलेखन, एक हिशेब, एक कविता. मुलामागे पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मूल घाबरून गप्प बसलं, की वर्ष गेलं.

माझ्या शाळेचा निकाल दरसाल पुरेपूर लागे. एकही नापास नाही. तो कसा लागे, हे जव्हारात फक्त तुला ठाऊक होतं. पौषात मी पट घेऊन बसायचो. जे मूल पास होईल असं वाटत नसे, त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर, सबब नाव कमी' असं लिहायचो. साहेब येऊन गेले की फाल्गुनात तीच नावं पुन्हा घालायची. काही पोरं परत यायची. बरीचशी यायची नाहीत. त्यांच्या आयांना मी सांगत असे, पोर अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू.

आमच्या ओटीवर तू एकदा विचारलंस, "यंदा किती कमी केलीस?"

"नऊ."

"त्यांची नावं सांग बघू."

मला दोनच आठवली. तू हातातला पेला खाली ठेवलास. "म्हणजे सात पोरं पटावरून गेली आणि तुझ्या डोक्यातूनही गेली."

मी चिडलो. "आणि तू काय करतोस? गेल्या आठवड्यात शाळेत आलेलं पोरगं साहेबांपुढे बसवतोस आणि स्वतःचं हसं करून घेतोस."

"पटावर आहे ना? मग बसणार."

"अरे, परीक्षा त्याची नसते. तुझी असते!"

"मग मला विचारा ना प्रश्न," तू म्हणालास. "त्या पोरांना कशाला रडवता?"

तू गेल्यावर ही म्हणाली, "तुमचा त्यांच्यावर एवढा राग का?" मी म्हटलं, राग नाही. "मग काय आहे?" मी कंदिलाची काच पुसत बसलो. राग नव्हताच तो. राग असता तर बरं झालं असतं, रागाला निदान कारण तरी सांगता येतं.

दोन वर्षं तुझा निकाल पडला. तिसऱ्या वर्षी डेप्युटीसाहेब आजारी पडले आणि दाभोशाची परीक्षा जव्हारच्या हेडमास्तरांनी घ्यावी, असा हुकूम आला. तिसऱ्यांदा निकाल पडला तर शाळा बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. आमची जुनी ओळख आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी कळवू शकलो असतो. नाही कळवलं. कोट घातला, तट्टावर बसलो आणि निघालो. खरं सांगू? वाटेत मला आनंद होत होता.

तुझ्या पडवीत चौदा मुलं बसली होती. तू त्यांना न्हाऊमाखू घालून, केस विंचरून बसवलं होतंस. माझ्यापुढे छापील तक्ता होता. सोमा नावाच्या मुलाला मी आगगाडीचा धडा काढायला लावला. त्याने अडखळत का होईना, वाचला. मी विचारलं, "आगगाडी कशावर चालते?"

त्याने धड्याच्या पानावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी पाह्यली नाय."

इतकं खरं उत्तर माझ्या शाळेत मला कुणी दिलं नव्हतं. मी शून्य लिहिलं.

मग जानी. अंगाने काटकुळी, दहा-अकरा वर्षांची, चौदांमधली एकटी मुलगी. मी विचारलं, "पर्वत म्हणजे काय?" पुस्तकात होतं, जमिनीचा फार उंच भाग. तिने हात वर केला आणि पडवीबाहेर बोट दाखवलं. समोर डोंगर होता. मी लिहिलं, उत्तर दिले नाही.

तेवढ्यात तिची आई आली. पाठीला तापाने फणफणलेलं तान्हं बांधलेलं. जव्हारच्या दवाखान्यातून कुणीतरी कोयनेलाच्या तीन पुड्या आणून दिल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक कागद. ती सरळ तुझ्यापाशी आली आणि कागद पुढे केला. तू हात मागे घेतलास.

"मला नको. जानीला दे."

मी म्हणालो, "परीक्षा चाललीये, रघुनाथराव."

"हो," तू म्हणालास, "चाललीये."

जानीने कागद गुडघ्यावर ठेवला. ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर जोडत वाचलं. रिकाम्या पोटी देऊ नये. मोठ्या माणसास एक पुडी, लहान मुलास पाव. चार-चार तासांनी. मग तिने मान वर करून आईला तिच्या बोलीत समजावलं. मला अर्धंमुर्धं कळलं. आईला तिन्ही पुड्या एकदमच द्यायच्या होत्या, ताप लवकर उतरेल म्हणून. "एकदम नाय, आये," जानी म्हणत होती. "पाव. आधी पेज पाज." आईला खरं वाटेना. तिने पुन्हा विचारलं. जानीने पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग एक पुडी उघडून पाटीवर तिचे चार भाग केले आणि आईला दाखवले. आई गेली. जानी आपल्या जागेवर येऊन बसली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तक्त्याकडे पाहिलं. वाचन, लेखन, गणित, कविता.

"यात हे कुठे लिहू?" मी म्हणालो.

"रकाना नसेल तर आख."

"तक्ता छापील आहे, रघू."

तक्ता छापील होता, ते खरंच. पण जानीच्या नावापुढे मी 'नापास' लिहिलं, ते तक्त्यामुळे नव्हे. वाचून झाल्यावर तिने तुझ्याकडे पाहिलं होतं. बरोबर आलं का, हे विचारणारी ती नजर नव्हती. बरोबर आलंय, हे तिला कळलं होतं. ते तुलाही दिसलं ना, एवढंच ती बघत होती. माझ्या शाळेतली मुलं उत्तर दिल्यावर माझ्या हाताकडे बघतात, छडी उचलली की काय म्हणून. इतकी वर्षं मी शिकवत होतो आणि एका पोराने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. तिचं नाव काढून टाकता येत नव्हतं, पट तुझा होता. नापास करता येत होतं. मी केलं.

चौदातली अकरा नापास. तू तक्ता पाहिलास, सही केलीस आणि मला जेवायला घातलंस. नागलीची भाकरी आणि वालाची आमटी. तू वर दुसरी भाकरी वाढत होतास. उतारापर्यंत पोचवायला आलास. "पुढे दगड सुटे आहेत, तट्टू जपून चालव," एवढंच म्हणालास. शिवी दिली असतीस, रघू, तर मी तुला आयुष्यभर माफ केलं असतं.

शाळा बंद झाली. तुला जव्हारला माझ्या हाताखाली चौथा मास्तर म्हणून पाठवलं. हेच मला हवं होतं का? असेल. तुला बिगारीचा वर्ग दिला. पंधरा दिवसांत माझा स्वतःचा मुलगा केशव, तिसरीतला, मधल्या सुट्टीत बिगारीच्या वर्गात जाऊन बसायला लागला. घरी येऊन म्हणाला, "रघूकाका चुकलं तर हसत नाहीत." मी त्या दिवशी जेवलो नाही. हिला पोट बिघडल्याचं सांगितलं.

मग त्या बाजारच्या दिवशी दाभोशाची माणसं कचेरीसमोर येऊन बसली. पहाटे निघून चालत आली होती, बरोबर पोरं. शिपायाने हाकललं, ती उठली नाहीत. शेवटी संस्थानचे कारभारी बाहेर आले आणि परीक्षक म्हणून मला बोलावणं पाठवलं. तू वर्गावर होतास. तू त्यांना बोलावलं नव्हतंस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी मात्र महिनाभर लोकांना सांगत फिरलो की हे रघुनाथरावांचंच काम.

सोमाचा बाप काळू उठला. कचेरीत त्याने आयुष्यात तोंड उघडलं नसेल. डोक्याचं फडकं काढून हातात धरलं.

"साहेब, शाळा का बंद केली?"

"मुलं नापास झाली म्हणून," कारभारी म्हणाले.

"म्हंजे त्यांना येत नाय?"

"येत नाही."

काळूला थट्टा करायची नव्हती, त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. "मंग ज्यांना येत नाय त्यांनाच तं शाळा पायजे ना? येत असतं तं आमी धाडली कशाला असती?"

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेडमास्तर, याला उत्तर आहे?"

मी छापील तक्ता पुढे केला. कारभारी शहाणे होते. त्यांनी दाभोशाची शाळा तात्पुरती चालू केली आणि मला हुकूम केला की खेड्यांतल्या शाळांची परीक्षा कशी घ्यावी, मास्तरचं काम कशावरून जोखावं, याचा मसुदा आठ दिवसांत सादर करा. सहा दिवस मी कागद फाडत बसलो. मुलांवर प्रेम करावे, असलं काहीतरी लिहायचो आणि फाडायचो. सातव्या दिवशी दुपारी तळ्याजवळच्या तुझ्या खोलीवर आलो. तू दाभोशाला परत जायला सामान बांधत होतास.

मी काही बोलायच्या आत तू एक वही काढलीस. एका मुलाला एक पान. मूल शाळेत आलं तेव्हा त्याला काय येत होतं, दिवाळीला काय येत होतं, होळीला काय. 'सोमा: शंभरपर्यंत मोजतो. वजाबाकीत हातचा चुकतो. बापाला बाजारात भाव वाचून दाखवला.' मी पानं उलटत होतो. माझ्या शाळेतल्या एकाही मुलाबद्दल मला इतकं माहीत नव्हतं, माझ्या केशवबद्दलसुद्धा नव्हतं. तू भिंतीला टेकून सांगत गेलास आणि मी लिहीत गेलो. पटावर एकदा नाव चढलं की परीक्षेआधी ते कमी करू नये. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी करावी. प्रश्न त्याच्या घरच्या बोलीत विचारावा आणि उत्तर त्या बोलीत आलं तरी धरावं. पुस्तकाबाहेरचं, घरात लागणारं काहीतरी वाचायला द्यावं. आणि निकाल वाईट लागला तर शाळा बंद न करता तिथे आणखी एक मास्तर द्यावा.

"हे शेवटचं काळूचं आहे," तू म्हणालास. "खाली त्याचं नाव घाल."

तुझं नाव घाल, असं तू म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. घरी येऊन मी मसुदा माझ्या वळणदार अक्षरात स्वच्छ उतरवला. पहिल्या कलमात एक शब्द माझ्या पदरचा घातला. 'शक्यतो कमी करू नये.' खाली सही केली. काळूचं नाव घातलं नाही. तुझंही घातलं नाही.

नियम मंजूर झाले. मास्तरांच्या सभेत कारभाऱ्यांनी ते वाचून दाखवले आणि माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. तू मागच्या रांगेत होतास, तूही वाजवल्यास. सभा उठल्यावर तू माझ्याजवळ आलास. आता म्हणेल, आता मागेल.

"छान उतरलंय," तू म्हणालास. "फक्त तो 'शक्यतो' काढ."

"का?"

"त्यातून पोरं गळतील."

"नियमात थोडी जागा ठेवावी लागते, रघू."

"कुणासाठी?"

मी कुणाला तरी हाक मारली आणि सटकलो. त्यानंतर किती वर्षं गेली? दर भेटीत तुझा एकच प्रश्न. "निघाला का तो?" मी म्हणायचो, बघू. तू म्हणायचास, बघ. सगळ्या भांडणात हे एकच भांडण आपलं पुरं झालं नाही. तू नावासाठी भांडला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी तुला लोभी म्हटलं असतं, दोघं बरोबरीचे झालो असतो. पण तुला नाव नकोच होतं. घरात भरपूर असलेला माणूस शेजाऱ्याला वाटीभर काही देऊन विसरून जातो, तसं तू ते मला दिलंस. मला त्याचाच हेवा वाटला. मी शाळातपासनीस झालो, ते तुझ्या जिवावर. लोक मला पाहून उठून उभे राहतात. तुला पाहून कधी कुणी उठलं नाही, सरकून जागा करत असत. आणि मला ती सरकून दिलेली जागा हवी होती.

एकदा खोडाळ्याहून, मोखाड्याकडच्या इंग्रजी हद्दीतून, एक मास्तर दाभोशाची शाळा बघायला आले होते. मीही होतो. त्यांनी विचारलं, "ही मुलामागे पान ठेवायची पद्धत कुणाची?" तू फळा पुसत म्हणालास, "हे काय, नारायणरावांची." तेव्हा तुझं तोंड फळ्याकडे होतं की माझ्याकडे, ते मला आठवत नाही. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

भाद्रपदात तुझा निरोप आला, ताप उतरत नाही, जमल्यास येऊन जा. मी वार्षिक अहवाल लिहीत होतो. मनात आलं, याच्या उशाशी अख्खा गाव बसला असेल, माझं तिथे काय काम. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा अंगणात बांबू बांधत होते. जानी दारात उभी होती. आता ती मोठी झालीय, तुझ्याच शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवते. तिने मला ओळखलं. ती म्हणाली, "मास्तर काल विचारत व्हते, नारायण आला का." एवढं बोलून तिने मला बसायला पाट दिला. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ठपका न ठेवता कसं बोलावं, हेही तूच शिकवलेलं.

मी आलो नाही, रघू. दोन दिवस होते आणि मी आलो नाही.

जव्हारला मास्तरांनी तुझ्यासाठी सभा घेतली. मी बोलायला उठलो. रघुनाथराव साधे होते, प्रेमळ होते, असं ठरवून आलो होतो. ते बोललोही. मग काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "ज्या नियमांना तुम्ही माझे म्हणता, ते त्यांचे आहेत. मी फक्त उतरवून घेतले. आणि माझ्या शाळेचा निकाल पुरेपूर लागत असे, कारण मी कच्ची मुलं पटावरून काढत होतो."

मग वयाने मोठे असलेले एक मास्तर उठले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा," ते म्हणाले, "स्वतःचं श्रेय गेलेल्या माणसाला देऊन टाकायला केवढं मोठं मन लागतं!" आणि सगळे माझ्या पाया पडायला आले. मी ओरडून सांगत होतो की हे खरं आहे. ते म्हणत होते, नारायणरावांना फार दुःख झालंय, त्यांना बसू द्या, पाणी द्या. तू मेल्यावरही मलाच मिळालं, रघू. त्या क्षणी ते मला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा नको होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिलं. मसुदा रघुनाथरावांचा. शेवटचं कलम दाभोशाच्या काळूचं. 'शक्यतो' हा शब्द माझा, आणि तो मी माझ्या सोयीसाठी घातला. मी ज्यांची नावं कमी केली त्यांतली जेवढी आठवली तेवढी, चौतीस नावं, खाली लिहिली. बाकीची आठवली नाहीत, हेही लिहिलं. कारभाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, नोकरी जाणार. ते म्हणाले, "नोकरीचं पुढे बघू. आधी तो शब्द काढा." नियम पुन्हा निघाले. त्यावर तुझं नाव आहे. काळूचंही आहे. 'शक्यतो' नाही.

आता पुढचं ऐक. जव्हारातले मास्तर तुझ्यावर भडकलेत. यंदा कुणालाही नाव काढता येणार नाही, सगळ्यांचे निकाल पडणार, माझ्या जुन्या शाळेचा सर्वांत आधी पडणार. काल शाळेच्या ओट्यावर तेच वयस्कर मास्तर, त्या सभेत रडलेले, तुला नाही नाही ते बोलत होते. जंगलात राहून माणूस रानटी झाला होता, म्हणे. त्याला शाळा चालवता येत नव्हती, म्हणून आम्हाला बुडवून गेला. हे दृश्य मी किती वर्षं मनात रंगवलं होतं! जव्हारात कुणीतरी तुला वाईट म्हणतंय आणि मी शेजारी बसून गप्प ऐकतोय.

मी उठलो. त्यांच्या हातातला पट ओढून घेतला आणि म्हणालो, "यातल्या शेवटच्या पाच मुलांना काय येतं, ते न बघता सांगा." त्यांना सांगता येईना. मी इतका मोठ्याने बोललो की रस्त्यावरची माणसं थांबली. ते मास्तर घाबरून मागे सरकले. "पण नारायणराव, तुम्हाला एवढं लागायचं कारण काय? ते तुमचे होते कोण?"

तुझी ओळख करून द्यायची वेळ आली की मी नेहमी 'आमच्या दाभोशाच्या शाळेचे मास्तर' म्हणत असे. काल मी म्हणालो, "माझा मित्र होता."

नारायण